केशरातल्या नखुल्या

सुभद्राआत्यांचं नाव आधी घेते, मग बाकीचं. परभणी जिल्ह्यातल्या चुडाव्याला मी जाऊन आले ती त्यांच्या जिवावर. भावाला त्यांनी गप्प केलं, मला त्यांनी जवळ बसवलं, आणि माझ्या हातून जे बिघडत चाललं होतं ते त्यांनीच सावरलं. (एक गोष्ट त्यांच्याही हातून बिघडली, ती पुढं येईलच.)

मी सातवीपर्यंत शिकले. आमचं गाव वेंगुर्ल्याकडं, खाडीच्या तोंडाशी. आई आजारी पडली, मासळीची पाटी डोक्यावर घ्यायला घरात कोणीतरी हवं होतं, ती मी घेतली आणि शाळेत परत जायचं राहूनच गेलं. आता गोव्यात समुद्राकाठच्या एका हॉटेलात शेगडीवर असते. आमचे मुख्य आचारी इटलीचे, म्हातारे. त्यांना आम्ही सगळे नुसतं शेफ म्हणतो. गिऱ्हाइकाला काय हवं त्याची चिठ्ठी आत इंग्रजीत येते. ती मला धड वाचता येत नाही. शेजारच्या शेगडीवर वैशाली असते, ती मान न वळवता हळूच वाचते आणि मी शिजवते. बरीच वर्षं आमचं असं चाललंय. शेफना कळलंय की नाही, देव जाणे.

ही वैशाली चुडाव्याची. उन्हाळ्यात रजा घेऊन ती गावी गेली आणि थोड्याच दिवसांत तिचा फोन आला, की आता ती येणार नाही. तिचे वडील, अण्णा, तहसील कचेरीतून कारकून म्हणून निवृत्त झालेले. परभणीत एका संस्थेच्या ऑफिसात कॉम्प्युटरवर बसायचं काम त्यांनी लेकीसाठी बघून ठेवलं होतं. "दुसऱ्यांच्या पंगतीसाठी राबायचे दिवस गेले आपले," असं ते म्हणाले होते. गावात तर त्यांनी आधीपासूनच सांगून ठेवलं होतं, की लेक गोव्यात ऑफिसात हाय.

त्या फोननंतर मला जेवण जाईना. वैशाली नाही म्हणजे त्या चिठ्ठ्या नाहीत. आणि चिठ्ठ्या नाहीत म्हणजे मी परत पाटीखाली.

मग एक दिवस वैशालीच्याच फोनवरून तिच्या आत्या बोलल्या. वैशालीची आई लवकर गेली, या आत्यांनीच तिला वाढवलं. मी त्यांना कधी पाहिलंही नव्हतं. म्हणाल्या, "अगं, भावाला मी म्हणलं, लेकरू काय शिजवतंय ते एकदा तोंडात घालून तर बघ, मग न्हाई म्हण. तू येतीस का? दोघी मिळून करा. मी हाय."

त्या "मी हाय"वर मी निघाले. शेफना सांगितलं तर त्यांनी त्यांच्या गावाकडच्या केशराची एक छोटी डबी हातावर ठेवली. तिकडच्या डोंगरात केशर होतं म्हणे. मोठी कोळंबी आणि माकुल (हॉटेलात त्याला स्क्विड म्हणतात) मी बर्फात घालून थर्माकोलच्या पेटीत बांधली. ऑलिव्ह तेलाची बाटली घेतली. पांढरी वाइन मात्र घेतली नाही, ती घरात चालणार नाही असं वैशालीनं बजावलं होतं.

चुडावा, पौर्णिमा

आगगाडीचं काही सांगत नाही. पेटीतून पाणी गळू नये म्हणून मी जागी होते, एवढंच. पूर्णेला गाडी बदलली तेव्हा सकाळ झाली होती, आणि चुडाव्याला उतरले तेव्हा उन्हाचा रंग जाऊन सगळं पांढरं झालं होतं.

फलाटावर उभी राहिले आणि मला समुद्र दिसला. खोटं नाही सांगत. रुळांच्या पलीकडं नांगरून टाकलेली काळी जमीन, तिच्या शेवटाला पाण्याची लांब पट्टी, हलणारी, चमकणारी, आणि तिच्यात दोन बाभळी होडीसारख्या तरंगत होत्या. मी पेटी खाली ठेवून बघत राहिले. वारा आला, त्याला मिठाचा वास नव्हता. त्या वाऱ्यात घाम येण्याआधीच वाळत होता. मग मला कळलं, ते पाणी नव्हे. पण तिथं होते तोवर मी पुन्हा पुन्हा ते बघायला बाहेर यायचे, आणि दर वेळी मला क्षणभर तसंच वाटायचं.

"आलीस गं सुलू!" वैशाली धावत आली. "मला वाटलं अर्ध्यात उतरून रडत माघारी जातीस."

"आले बाई. बर्फ संपलाय, आधी बर्फ बघ."

तिचं तोंड उतरलं. "एक घोळ झालाय. आज पौर्णिमा हाय."

"मग?"

"बुद्धपौर्णिमा. आज आमच्या घरात मासळी शिजत न्हाई. आतसुद्धा नेता येत न्हाई. तुला ये म्हणले तवा मी कॅलेंडरच बघितलं न्हाई बघ."

आमच्याकडं पौर्णिमा म्हणजे उधाण, मोठं पाणी. पौर्णिमेला मासळी घराबाहेर ठेवायची, हे माझ्या डोक्यात शिरायलाच वेळ लागला. मला तिथंच बसावंसं वाटलं. वैशालीनं मात्र पेटी उचलली आणि रस्त्यावरच्या रसवंतीत नेली. रसवाला म्हणाला, "माशाला बर्फ? हा उसाच्या रसाचा बर्फ हाय, ताई."

"दे की रे. पाहुणी समुद्रावरनं आली हाय."

"समुद्रावरनं आली आन बर्फ माझा मागायली," तो म्हणाला, पण अर्धी लादी फोडून दिली. ती घालून आम्ही पेटी घरासमोरच्या कडुलिंबाखाली ठेवली, वर ओलं पोतं टाकलं. दिवसभर मी दर थोड्या वेळानं जाऊन त्या पोत्यावर तांब्याभर पाणी ओतत होते. शेजारपाजारच्या बायांना वाटलं, माझा काहीतरी नवस आहे.

त्या गल्लीत जिकडंतिकडं हळद वाळत घातली होती. गच्च्यांवर, ताडपत्र्यांवर, अंगणात. शिजवलेली, उन्हात कडक झालेली. तिची पिवळी धूळ पायांना लागायची, आणि पांढऱ्या कपड्यातली माणसं त्या पिवळ्यातून विहाराकडं चालली होती. रात्रभराच्या जागरणानं मला ते सगळं झोपेत बघितल्यासारखं आठवतं.

आत्या दारात उभ्या होत्या. उंच, काटक, पांढरं लुगडं, कपाळ मोकळं. "जयभीम," म्हणाल्या.

मी "नमस्कार" म्हणाले, मग घाबरून "जयभीम"ही म्हणाले.

"दोन्ही चालतंय. आधी पाणी पी."

आत्या गावातल्या शाळेत पोरांची खिचडी शिजवतात. त्यांच्या हातावर तशा मोठ्या पातेल्यांच्या खुणा आहेत, माझ्या हातावर आहेत तशाच. मी त्यांच्या हाती केशराची डबी दिली. "हे जपून ठेवा आत्या, फार मोलाचं आहे, ह्याच्यावरच सगळं आहे." त्यांनी डबी उघडून हुंगली, डोळे मिटले आणि ती पदराच्या गाठीला बांधली.

अण्णा ओसरीवर पेपर वाचत होते. चष्मा वर करून त्यांनी पहिला प्रश्न विचारला, "किती शिकलीस?"

"सातवी."

"का सोडली?"

मी आईच्या आजारपणाचं सांगितलं. ते "हं" म्हणाले आणि पेपरात गेले. रागाचं नव्हतं ते 'हं'. पण माझी त्यानं झोप उडाली. ज्या घरात भिंतीवर पदव्यांचे फोटो टांगलेत, त्या घरातली लेक मी शेगडीवर परत न्यायला आले होते, तीही माझ्या सोयीसाठी.

विहारात गेलो. मला एका बाजूला सतरंजीवर बसवलं. वंदना चालली होती. शब्द कळत नव्हते, पण सूर भरतीसारखा वर चढून खाली यायचा. उदबत्तीचा धूर, पंख्याची घरघर, पांढरे पांढरे पदर. मग खीर वाटली. द्रोण हातात आला आणि मी बघतच राहिले. खीर पिवळीधमक होती. हळदीसारखी नव्हे, संध्याकाळच्या पाण्यासारखी.

मी एक घोट घेतला. शेफच्या गावचा डोंगर सगळा त्या खिरीत होता.

वैशालीनं माझ्याकडं बघितलं, मी तिच्याकडं. ती उठून आत्यांजवळ गेली. "आत्या, केसर?"

"टाकलं की. सगळं टाकलं." आत्यांचा चेहरा फुललेला. "पाहुणीनं पौर्णिमेला एवढ्या लांबनं आणलं. भन्तेजी बी म्हणले, अशी खीर कधी झाली न्हाई."

"अगं आत्या, ते झिंग्यांसाठी होतं." (कोळंबीला तिकडं झिंगे म्हणतात.)

"झिंग्यांत केसर?" आत्या मोठ्यानं म्हणाल्या, आणि पुढच्या चार रांगांनी मान वळवली. "केसर काय झिंग्यांत घालत्यात का, येडे?"

मला रडू यायला हवं होतं. पण द्रोण इतका गोड होता, आणि शेजारची म्हातारी माझ्या मांडीवर हात ठेवून "खा माय, अजून घे," म्हणत होती, की मी खातच राहिले. अजूनही कधी डोळा लागता लागता ती चव तोंडाला येते.

दुपार

दुपारी तिकडं सगळं थांबतं. लिंबावर होला पक्षी घुमत असतो, तेवढाच आवाज. अण्णा बाजेवर आडवे झाले होते, तोंडावर दस्ती टाकून. तिकडं रुमालाला दस्ती म्हणतात. आत्यांनी ओसरीवर परात घेतली आणि रव्याचा घट्ट गोळा पुढ्यात ठेवला.

"बस. झोपू नको, दुपारी झोपलं की माणूस सुस्त होतं."

"हे काय करताय?"

"नखुल्या. उद्याला व्हाव्यात म्हणून. वैशी म्हणली, तुमच्या त्या पदार्थाला असलंच कायतरी लागतं."

त्यांनी हरभऱ्याएवढा गोळा चिमटीत घेतला, अंगठ्याच्या नखावर दाबला, ओढला, आणि एक इवलीशी शिंपली परातीत पडली. मी बघतच राहिले. हेच तर आम्ही गोव्यात रोज करतो! शेफ फळीवर अंगठ्यानं दाबतात, ह्या नखावर दाबतात, तेवढाच फरक. गहूसुद्धा तसलाच, बन्सी, दाताखाली उभा राहणारा. शेफच्या गावच्या बायका दारात बसून हेच करतात असं ते सांगायचे, आणि आम्हाला ती थाप वाटायची.

"ह्याचं तुम्ही काय करता, आत्या?"

"खीर. बाळंतिणीला, लग्नाला, कोण आलं तर. गोडाचंच." त्यांनी आणखी एक नखुली परातीत टाकली. "झिंगे घालून कोणी केलं न्हाई अजून. मीच पहिली हाय मग."

आम्ही तिघी बसलो. माझ्या जाड व्हायच्या, आत्या त्या उचलून परत गोळ्यात टाकायच्या, काही न बोलता. बाजेवरून अण्णांचा आवाज आला, दस्तीखालून. "शिकल्या-सवरल्या पोरीनं गोळे वळायचे."

"तुमी गप पडा," आत्या म्हणाल्या. "मी शाळेत खिचडी शिजवती, ते चालतंय तुमाला."

"शाळेचं वेगळं असतं."

"का? तिथं पातेलं सरकारी असतं म्हणून?"

दस्ती हलली. बहुतेक हसू दाबलं असावं. पण वैशालीचे हात जरा मंदावले. ती माझ्याकडं बघत नव्हती. मला तेव्हा पहिल्यांदा वाटलं की, माझ्या भीतीपेक्षा तिची अडचण मोठी आहे. मला चिठ्ठी वाचणारी हवी होती. तिला बापाचा शब्द मोडायचा नव्हता.

संध्याकाळी आत्या म्हणाल्या, ह्या बाजेवर पसरून वाळू देऊ. मी नको म्हणाले. शेफ ओल्या फडक्याखाली ठेवतात, ताज्याच शिजवतात, असं मी मोठ्या ऐटीत सांगितलं. आत्यांनी "बरं माय" म्हटलं आणि फडकं भिजवून दिलं.

दुसरा दिवस: चूल

सकाळी फडकं उचललं, तर खाली एकच गोळा. गोव्यात आमच्याकडं थंड खोली आहे, हे मी विसरले होते. तिथल्या उकाड्यात सगळ्या नखुल्या एकमेकींना चिकटून, आंबून बसल्या होत्या. काल केशर गेलं, आज ह्या गेल्या. लिंबाखालच्या पेटीतली मासळी तेवढी चांगली राहिली होती, तिला झाडानं आणि रात्री रसवंतीतून पुन्हा आणलेल्या बर्फानं सांभाळलं. मी चुलीपाशी बसून राहिले. आईचा फोन आला, "पोचलंस काय गो? जेवलंस काय?" मी "होय गो आये" म्हणून ठेवून दिला.

आत्यांनी गोळ्याकडं बघितलं, माझ्याकडं बघितलं. "मी म्हणलं होतं वाळू दे," असं त्या म्हणाल्या नाहीत. आतल्या खोलीत गेल्या आणि फळीवरचा डबा काढून आणला. चैत्रात केलेल्या, खडखडीत वाळलेल्या नखुल्या. वर्षभराच्या. डबा त्यांनी परातीत उपडा केला; पाऊस पत्र्यावर पडावा तसा आवाज झाला.

"आत्या, सगळ्या नकोत."

"खीर आता पुढच्या साली. आता केसराचं बघती मी."

त्या गेल्या आणि थोड्या वेळानं कागदाची पुडी घेऊन आल्या. मागच्या गल्लीत एक काकू राहतात, त्यांचे यजमान देवळातली पूजा करतात. त्यांच्याकडं गंधासाठी केशर असतं. आत्यांनी त्यांना सरळ सांगितलं होतं, झिंग्यांत घालायचं हाय. काकू म्हणाल्या, "कशात घालणार ते मला सांगू नकोस, सुभद्रा. पण कसं झालं ते सांगायला नक्की ये."

मग आम्ही कामाला लागलो, आणि वैशाली बदलली. तिनं पदर खोचला, आवाज चढवला. "सुलू, टरफलं वेगळी. डोकी टाकायची नाहीत. आत्या, लसूण ठेचायचा न्हाई, पातळ काप. अण्णा, तिथं उभं राहू नका, वाटेत येतंय." अण्णा खरंच बाजूला झाले, आणि दाराच्या चौकटीला टेकून बघत राहिले.

मी टरफलं आणि डोकी तेलात परतायला घेतली, तर आत्या किंचाळल्याच. "अगं माय! उकिरड्यावर टाकायचं ते तळायलीस?"

"ह्यातच तर जीव असतो, आत्या."

टरफलं लाल झाली, त्यावर पाणी, वैशालीनं ते उकळून गाळून घेतलं. पुडीतलं केशर कोमट पाण्याच्या वाटीत टाकलं. वाइनच्या जागी कैरीचं पाणी घेतलं. ती कल्पना आत्यांची, आणि मी शेफना सांगितली तेव्हा त्यांनी डोळे मोठे केले. मोठ्या पातेल्यात नखुल्यांसाठी पाणी उकळलं, त्यात मी मुठीनं मीठ टाकलं.

"एवढं मीठ? मारतीस का आमाला?"

"पाणी ओतूनच टाकायचं असतं. समुद्रासारखं लागलं पाहिजे, असं शेफ म्हणतात."

आत्यांनी चमचाभर पाणी घेऊन फुंकलं, जिभेवर ठेवलं. तोंड वाकडं केलं. मग हळू आवाजात विचारलं, "एवढा खारट असतो?"

"ह्याहून जास्त."

"आन तुमी त्याच्यात पवता?"

"हो, पोहतो की."

त्यांनी चमचा खाली ठेवला आणि वाफेकडं बघत राहिल्या. काय बघत होत्या कोण जाणे. केशर वाटीत उतरत होतं, लाल काडीतून पिवळी रेघ निघून पाण्यात वळत होती. चुलीवरच्या वासानं सगळं घर भरलं: लसूण, समुद्र, आणि देवळातलं गंध. मी इतकी वर्षं हा पदार्थ करते, तसा वास मला गोव्यात कधी आला नाही.

पंगत

ओसरीवर सतरंजी टाकली. ताटल्या आल्या. एकेका नखुलीच्या खळग्यात केशराचा रस्सा बसलेला, मध्ये कोळंबी, माकुलाच्या पांढऱ्या चकत्या. बाजूला अण्णांसाठी ठेचा आणि भाकरी, कारण आत्यांना भरवसा नव्हता. अण्णा बसले, वैशाली बसली. मी डाव घेऊन उभी राहिले. आमच्या घरी करणारी बाई शेवटी जेवते.

अण्णांनी ताटलीला हात लावला नाही.

"तू का उभी?"

"मी मागाहून बसते. तुमचं होऊ दे."

"आमच्यात तसं चालत न्हाई. जिनं रांधलं ती आधी बसंल." त्यांचा आवाज कडक होता. "माझी माय लोकांच्या लग्नात लाकडं फोडायची, धान्य पाखडायची. दिवसभर. आन जेवण कवा? सगळ्या पंगती उठल्यावर, परड्यात, लांबनं टाकलेलं. मी तिच्या मांडीवर बसून खाल्लंय ते. ह्या घरात कोणी कोणाच्या मागनं खायचं न्हाई. बस."

मी खाली बसले ती भीतीनं. आणि भीतीनंच तोंडातून निघून गेलं, "आमच्या हॉटेलात पण असंच आहे."

"कसं?"

"चार वाजता आम्ही सगळे बसतो. गिऱ्हाइकाच्या आधी. एकाच टेबलाला. शेफ, आम्ही, झाडणारी बाई, सगळे. तेव्हा दुसरं काही शिजवत नाहीत."

अण्णा बघत राहिले. "भांडी घासणारा?"

"गंगाराम? त्याला तर सगळ्यांच्या आधी. शेफ स्वतः वाढतात. म्हणतात, ज्याचे हात दिवसभर पाण्यात, त्याला गरम मिळालं पाहिजे."

"आन त्या टायमाला गिऱ्हाईक आलं तर?"

"थांबतं बाहेर."

"मोठं असलं तरी?"

"एकदा कोणीतरी पुढारी आले होते, गाड्या घेऊन," वैशाली म्हणाली. "शेफनी दार लावून घेतलं. म्हणले, माझी माणसं जेवायलीत."

अण्णांनी चष्मा काढला, दस्तीनं पुसला, परत घातला.

"हे तू मला कधी सांगितलं न्हाईस."

"तुमी इचारलं कवा, अण्णा? तुमी पगार इचारला. खोली कशी हाय ते इचारलं. साहेब कसा हाय ते इचारलं. आमी जेवतो कुठं, ते कधी इचारलंत?"

अण्णांनी एक घास घेतला. चावला. मग दुसरा. माझं लक्ष त्यांच्या जबड्याकडं. आत्या डाव घेऊन आल्या आणि म्हणाल्या, "तिखट न्हाई म्हणून आळणी म्हणू नका हां."

"मी काय म्हणलं का?" अण्णा म्हणाले. थोड्या वेळानं त्यांनी ठेच्याची वाटी हळूच जवळ ओढली, नखुल्यांवर बोटभर ठेचा लावला, आणि ताटली पुढं केली. "वाढ अजून."

तिसऱ्यांदा घेतल्यावर त्यांनी विचारलं, "त्या गंगारामाचं गाव कुठलं?" मग संध्याकाळभर तेच. टेबल केवढं आहे, कोण कोणाशेजारी बसतं, झाडणारी बाई लाजते का. वैशाली सांगत होती. ऑफिसच्या कामाचा विषय कोणी काढला नाही. पण मला धीर नव्हता. 'हो' असा शब्द अजून कोणी उच्चारला नव्हता, आणि माझं तिकीट सकाळचं होतं.

निघताना

सकाळी अण्णा दोन पिशव्या घेऊन पुढं चालत होते. एक माझी. दुसरी कोणाची ते विचारायची माझी हिंमत झाली नाही. मागं वैशाली, नवीन चपला घातलेली, रात्री बरीच रडलेली वाटत होती.

स्टेशनावर त्यांच्या ओळखीचे एक गृहस्थ भेटले. "काय अण्णासाहेब, पोरगी निघाली का ऑफिसला?"

अण्णांनी पिशव्या खाली ठेवल्या. रुळांच्या पलीकडं ते खोटं पाणी चमकत होतं.

"ऑफिस न्हाई. स्वयंपाकीण हाय ती. गोव्याला, हाटेलात. झिंग्यांत केसर घालतेत तिथं." आणि जरा थांबून, मोठ्यानं, "आन आधी सोता जेवतेत."

गाडी आली तेव्हा ते माझ्याजवळ आले. "चिठ्ठ्यांचं सांगितलं वैशीनं मला. तिनं वाचायचं बंद. तू वाचायचं. चुकलीस तर तिनं सांगायचं. सातवी म्हणजे काय संपलं न्हाई." मी त्यांच्या पाया पडायला वाकले तर त्यांनी खांदे धरून सरळ उभं केलं.

आत्या खिडकीशी होत्या. त्यांनी भाकरी आणि ठेचा दिला. "जाऊन फोन कर," म्हणाल्या, आणि काकूंना कसं झालं ते सांगायला जायचंय म्हणून लगेच वळल्यासुद्धा.

वैशालीला गाडीत बसताच झोप लागली. मी काळी जमीन मागं पळताना बघत होते, मनातल्या मनात कालची पंगत परत मांडत होते: अण्णा, वैशाली, मी. तीन ताटल्या. चौथी मला काही केल्या आठवेना. रांधणारीनं आधी बसायचं म्हणून अण्णांनी मला बसवलं, आणि माझ्या हातातला डाव आत्यांनी घेतला. आत-बाहेर त्याच करत होत्या. अण्णांना तिसऱ्यांदा वाढलं ते त्यांनीच. त्या कधी बसल्या, किती उरलं होतं, थंड झालं होतं का, ते आमच्यातल्या कोणीच बघितलं नाही. पंगतीत कोणी मागं राहायचं नाही हे ज्या ओसरीवर ठरलं, तिथं त्याच तेवढ्या मागं राहिल्या.

आत्या, हे वैशाली तुम्हाला फोनवर वाचून दाखवेल. आमचं हॉटेल पावसात बंद असतं, पाऊस संपला की उघडतं. शेफना मी विचारलंय, ते हो म्हणाले. आज ना उद्या मी तुम्हाला इकडं आणणार. चार वाजता आमच्या टेबलाला तुम्ही बसायचं, गंगारामच्या शेजारी. दार लावलेलं असेल, गिऱ्हाईक बाहेर थांबेल. डाव माझ्या हातात असेल, मी उभी असेन, आणि तुम्ही पोटभर, गरम, सगळ्यांच्या आधी खाल्ल्याशिवाय मी बसायची नाही.